मांडीवर मावेल तेवढंच

वाघमारे मॅडमनी आमच्या दुकानात येऊन आधी बॅग मागितली नाही. बसायला स्टूल मागितले. नांदेडच्या बाजारात माझ्या अब्बांचे बॅगा शिवण्याचे आणि विकण्याचे दुकान होते. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि कॉलेज सुटले की दुकानावर बसत असे. मॅडम स्टुलावर ताठ बसल्या, दोन्ही गुडघे जुळवून घेतले आणि समोर टांगलेल्या बॅगांपैकी एक मागून मांडीवर ठेवली. तिच्याभोवती दोन्ही हात गुंफून पाहिले, मान हलवली आणि दुसरी मागितली. हा प्रकार बराच वेळ चालला. गिऱ्हाईक चेन ओढून बघते, बंद ताणून बघते, आतला वाससुद्धा घेऊन बघते. पण बॅग घेऊन बसून बघणारे गिऱ्हाईक अब्बांनी पाहिले नव्हते. शेवटी न राहवून ते म्हणाले, "बाई, बॅग हाय ही, लेकरू न्हाई मांडीवर खेळवायला."

"मांडीवर मावली तर बॅग," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "नाहीतर ते सामान."

हा भेद अब्बांना इतका आवडला की त्यांनी तयार बॅगांचा नाद सोडला आणि नवी शिवून द्यायचे कबूल केले. माप घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी टेप माझ्या हाती दिली आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी मॅडमच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे माप घेतले. माणसाचे माप घेऊन शिवलेली आमच्या दुकानातली ती एकमेव बॅग. जाड करड्या कॅनव्हासची, बाहेरून एक कप्पा, आत दोन. पुढे काही वर्षांनी मी त्यांच्याच शाळेत विज्ञान शिकवायला गेले, तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये माझी ओळख "टेपवाली परवीन" अशी करून दिली, आणि ते नाव मला शाळेत कायमचे चिकटले.

मॅडम भूगोल शिकवत. त्यांचे गाव लातूरच्या पुढचे मुरुड. तिथे दोन खोल्यांच्या घरात त्यांची आई एकटी राहत असे. मॅडम तिला माय म्हणत, म्हणून आम्हीही न भेटताच माय म्हणू लागलो. दुसऱ्यांच्या शेतात खुरपणी करून मायने मुलीला शिकवले होते. मॅडमनी लग्न केले नव्हते. त्याविषयी त्या बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू. शनिवारची सकाळची शाळा सुटली की त्या करडी बॅग घेऊन लातूरची एसटी धरत, लातूरला गाडी बदलून मुरुडला जात आणि रविवारी संध्याकाळी परतत. बॅग मांडीवरच का, याचे त्यांचे उत्तर भूगोलाचे होते. डोक्यावरच्या फळीवर बॅग ठेवली की डोळे फळीवर राहतात. मग लोहा कधी गेले, माळ कुठे लागला, अहमदपूरच्या अलीकडे पीक काय आहे, यातले काहीच दिसत नाही.

बॅग भरण्याची त्यांची रीत मी पुष्कळदा पाहिली आहे आणि ती शिकण्यासारखी आहे. न्यायच्या सगळ्या वस्तू आधी पलंगावर मांडायच्या आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न ठेवायचा: ही वस्तू तिथे मिळणार नाही का? बहुतेक वस्तू या प्रश्नापुढे टिकत नसत आणि कपाटात परत जात. "आपण जिथं जातो तिथं माणसं राहतात, हे लक्षात ठेवायचं," असे त्या म्हणत. एकदा लातूरला दोन दिवसांचे प्रशिक्षण होते. आमचे मुख्याध्यापक देशमुख सर चाकांची मोठी ट्रॉली घेऊन आले. तिच्यात उशी होती, इस्त्री होती आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या होत्या. लातूरच्या स्टँडवर चिखल लागला, चाके रुतली आणि सरांनी ट्रॉली लग्नातल्या रुखवतासारखी खांद्यावर घेतली. मॅडम मागून चालत होत्या. "सर, लातूरला माणसं राहतात," त्या म्हणाल्या, "आणि तीही इस्त्रीचे कपडे घालतात." दुसऱ्या दिवशी सरांच्या शर्टाचे बटण ऐन भाषणाआधी तुटले, तेव्हा सुईदोरा निघाला तो करड्या बॅगेतून. मॅडमनी तो निमूटपणे पुढे केला. त्या काहीच बोलल्या नाहीत, हे सरांना जास्त लागले असावे.

हे सगळे शिस्तीत चालले असताना एका पावसाळ्यात माय मोरीत घसरली. हात प्लास्टरमध्ये गेला. शेजाऱ्यांनी आवाज ऐकला म्हणून बरे. नाहीतर ती किती वेळ तशीच पडून राहिली असती, या एका विचाराने मॅडमची झोप उडाली. त्यांनी मायला नांदेडला आणायचे ठरवले. मायने ठरवले नाही. नांदेडात आपल्याला कोण ओळखते, विहारात पौर्णिमेला आपल्या शेजारी कोण बसणार, असे तिचे म्हणणे. "दोन दिस येते," ती म्हणे, "तिसरा दिस नगं." आणि खरोखरच तिसऱ्या दिवशी ती आपली पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसून राही. ती सवय मॅडमना कुठून लागली हे तेव्हा मला कळले.

मग मॅडमनी एक योजना आखली आणि प्रयोगशाळेत येऊन मला एकटीला सांगितली. घर टेम्पोतून हलवायचे म्हटले तर माय टेम्पोपुढे आडवी पडली असती. म्हणून ते मांडीवरून हलवायचे. दर रविवारी मायची एक वस्तू आपल्या वापरलेल्या साडीत गुंडाळून गुपचूप नांदेडला आणायची. एक दिवस माय दोन दिवसांसाठी येईल, तेव्हा तिची भांडी, तिचा अडकित्ता, तिचे पांघरूण सगळे तिच्या आधी येऊन बसलेले असेल आणि परत जाण्यासारखे मुरुडला काही उरलेले नसेल. "नदीचा गाळ असाच सरकतो, परवीन," त्या म्हणाल्या. "शेताला कळतसुद्धा नाही."

त्यानंतर सोमवारची सकाळ आमच्या दोघींच्या आनंदाची झाली. मॅडम हजेरीपटावर सही करता करता हळूच सांगत, "पळी आली." कधी अडकित्ता येई, कधी उलथने. वंदनेची पांढरी साडी आली त्या दिवशी त्यांनी मला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला. परतीच्या बॅगेत मायने भरलेला वानोळाही असे: भुईमुगाच्या शेंगा, कारळ्याची चटणी, ज्वारीचे पीठ. जाताना बॅग मॅडम भरत आणि येताना माय, हा त्या घरचा नियम होता. माहेरून निघणाऱ्या लेकीने आपली बॅग आपण भरायची नसते, असे मायचे मत होते आणि त्यावर अपील नव्हते.

याच काळात मॅडम वस्तू विसरू लागल्या. प्रथम छत्री गेली. मग वाचायचा चष्मा, मग वर्गात नकाशावर दाखवायची घडीची काठी. मायला फोन करून विचारले तर ती म्हणे, इथे नाही बाई. देशमुख सरांनी एक दिवस फार जपून, पण सर्वांना ऐकू येईल अशा आवाजात, या वयात असे होतेच म्हणून धीर दिला. मॅडम हसल्या. पण संध्याकाळी त्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मावशीला शेवटी घरची माणसेही ओळखू येत नव्हती, हे त्यांनी मला पूर्वी सांगितले होते.

"परवीन," त्या म्हणाल्या, "मायला सांभाळायला आणायचं, आणि मीच अशी झाले तर?"

मी काही समजुतीचे बोलले असेन. आता आठवत नाही. त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांना काही सापडले नाही. त्यांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या. मॅडमनी स्वतः उपाय शोधला तो वर्गातला. बॅग भरताना त्या हजेरी घेऊ लागल्या. "छत्री?" असे त्या विचारत आणि छत्री आत ठेवता ठेवता स्वतःच उत्तर देत, "हजर." तरीही सोमवारी कोणीतरी गैरहजर निघेच.

निवृत्तीच्या आधीच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला मुरुडला सोबत नेले. या वेळी मायला घेऊनच यायचे होते, आणि परतताना हजेरी दुसऱ्या कोणी घ्यावी अशी त्यांची इच्छा होती. माय बुटकी, ताठ आणि फार कमी बोलणारी निघाली. मी माझी बॅग उतरवली तेव्हा तिने ती उचलून वजन पाहिले आणि पसंतीची मान हलवली. रविवारी दुपारी मी बॅगेपुढे बसून हजेरी घेतली. नवी छत्री हजर, नवा चष्मा हजर, स्वेटर हजर. मॅडमचा चेहरा उजळला. त्या शेजारी निरोप घ्यायला गेल्या आणि मी पाणी प्यायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा माय बॅगेशी बसली होती. तिने शेंगांची पिशवी आत घातली, बॅग उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवून पाहिली, नाराजीने खाली उतरवली आणि आतून स्वेटर बाहेर काढला. मग तो घेऊन ती कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीकडे गेली. तिने मला पाहिले, पण ती दचकली वगैरे नाही.

"बगत काय राहिलीस पोरी? झाकन धर."

मी झाकण धरले. पेटीत कडुनिंबाच्या पाल्यावर सगळे नीट घड्या घालून ठेवलेले होते: जुनी छत्री, चष्मा, नकाशाची काठी, दोन साड्या, एक हातरुमाल. मी झाकण धरून तशीच उभी असताना मॅडम दारात आल्या. त्या पेटीजवळ आल्या, खाली बसल्या आणि छत्री उचलून मांडीवर घेतली.

"म्हणजे मी विसरत नव्हते," त्या म्हणाल्या. मग त्या हसू लागल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या.

मायला हे रडणे समजेना. मी तिला मावशीचे भय सांगितले, डॉक्टर सांगितले, गोळ्या सांगितल्या. ती पेटीशी बसली. "मला काय म्हाईत तू दवाखान्यात जाऊन राहिलीस ते. सांगायचं न्हाई व्हय?"

"तू सांगितलंस का पेटीचं?"

"तू सांगितलंस पळीचं?" माय म्हणाली. पळी साडीत गुंडाळलेली तिला पहिल्याच रविवारी दिसली होती. नेते आहे तर नेऊ दे, असे तिने मनाशी म्हटले होते. पण त्यावर वानोळा भरल्यावर बॅग मांडीवर बसेना. "तुजाच कायदा हाय न्हवं, मांडीवर बसली पायजे म्हून? पळी गेली, तवा तेवड्याच जाग्याची छत्री काडून ठिवली." आणि ठेवली ती ठेवलीच, कारण पेटीत लेकीची वस्तू असली की शनिवार लवकर येतो असे तिच्या ध्यानात आले होते. तिने पेटीचे झाकण लावले. "आता तुजं निम्मं घर हितं, माजं निम्मं तितं. कुनी हलायचं त्ये तूच सांग. तू शिकलेली हायस."

येताना एसटीत मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, पण लोहा आले तरी पिकांविषयी एक शब्द बोलल्या नाहीत. माय आमच्याबरोबर आली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात शाळेने त्यांना शाल आणि नारळ दिला, देशमुख सरांनी भाषण केले आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांना नांदेडच्या स्टँडवर पोहोचवायला गेले. करडी बॅग मांडीवर होती. बाहेरच्या कप्प्यातून पितळी पळीचा दांडा डोकावत होता. किती दिवसांसाठी चाललात, असे मी विचारले.

"दोन," मॅडम म्हणाल्या.

त्या अजून मुरुडलाच आहेत. विहारात मुलांना नकाशा शिकवतात आणि पौर्णिमेला मायच्या शेजारी बसतात. माय अलीकडे थकली आहे, पण पाहुण्याची बॅग अजून तीच भरते. गेल्या महिन्यात मी एका रात्रीसाठी जाऊन आले. मॅडमच्या रीतीने सगळे पलंगावर मांडले होते, प्रत्येक वस्तूला प्रश्न विचारला होता आणि अगदी हलकी निघाले होते. नांदेडला परतून बॅग उघडली तर आत शेंगा होत्या, कारळ्याची चटणी होती. माझी करवतकाठी ओढणी मात्र नव्हती. मी फोन लावला. मॅडमनी पलीकडे मायला विचारलेले मला ऐकू आले आणि थोड्या वेळाने त्यांचा अगदी गंभीर, शिक्षिकेचा आवाज आला.

"माय म्हणते, तुझी बॅग मांडीवर बसत नव्हती."

बॅग मांडीवर उत्तम बसत होती. मुरुडपासून नांदेडपर्यंत मी ती मांडीवरच आणली होती आणि वर हात ठेवायलाही जागा उरली होती. पण मी ते सांगितले नाही. शनिवारी शाळा सकाळची आहे, आणि ओढणी आणायला जायचे आहे.