पोडावरची सगळी घरं

वामनराव ढोके सरांशी माझी पहिली ओळख भांडणातून झाली. कापसाची ती वाईट वर्षं होती. यवतमाळच्या आमच्या कार्यालयात घरोघरच्या पाहणीचे कागद गठ्ठ्यांनी येत आणि माझ्या हाताखालच्या मुली ते संगणकात भरत. सर पडद्यावरचे फॉर्म तयार करायला आले. पहिल्याच दिवशी त्यांनी हाताने आखलेला इंग्रजी फॉर्म माझ्यापुढे ठेवला. मी कॉन्व्हेंटची, लाल पेनाने अकरा चुका काढल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच मराठीत आणला. "आता काढा, बाई." एकही सापडली नाही. मला फार राग आला.

पण वापरायचा होता तो वरून आलेला फॉर्म. जमिनीचा गट क्रमांक लिहिल्याशिवाय तो पुढे सरकत नसे. झरी जामणीकडे कोलामांच्या पोडांवर, म्हणजे जंगलातल्या वस्त्यांवर, पुष्कळांना गट क्रमांकच नव्हता.

"बाई, हा पुढं जाऊनच नाही राह्यला," मुली म्हणाल्या.

"शून्य टाका आणि सरका," मी म्हटलं.

पेरणी तोंडावर असताना अशाच एका पोडावरच्या जंगूबाई आल्या. या पाहणीवरून निघालेल्या बियाणेवाटपाच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. यादीत नाही म्हणजे नाही, असं मी सांगून टाकलं.

"काहून नाही? मी तं तुमच्यापुढं उभी हाओ. मशीन आंधळी हाय का तुमची?"

सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि गठ्ठा सोडला. कागदांवर सगळं पोड होतं. संगणकात एकच घर. एका गावात तोच गट क्रमांक पुन्हा आला की आधीची नोंद पुसली जाई. माझ्या शून्यामुळे प्रत्येक घराने शेजारचं घर पुसलं होतं.

सरांनी कुटुंबाचा आणि जमिनीचा तक्ता वेगळा केला. प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा क्रमांक दिला, जमिनीचा रकाना रिकामा ठेवायची मुभा दिली. मग एसटीने पोडावर गेले. मलाही ओढून नेलं. उत्तर देणारा अडखळला की प्रश्न बदलायचा, ही त्यांची रीत. "कुटुंबप्रमुख कोण?" ऐकून जंगूबाई हसल्या. "नवरा म्हन्ते 'मी', सासू म्हन्ते 'मी'. कोनाचं लिवता?" सरांनी तिथेच प्रश्न खोडून लिहिलं : एका चुलीवर कोण कोण जेवतं?

आमच्या कार्यालयाच्या साहेबांनी चौकशी केली, शून्य टाकायला कोणी सांगितलं? सर म्हणाले, "शून्य चाललं, ही फॉर्मची चूक." बाहेर आल्यावर मला मात्र म्हणाले, "बाई, तुम्ही वेळ वाचवलात. घरं गेली." त्या पोडाचे सगळे कागद मी स्वतः भरले. यादी पेरणीआधी निघाली. बियाणं घेताना जंगूबाईंनी मला विचारलं, "आता दिस्तो का मी?"

त्या यादीचे हार पुढे भलत्याच गळ्यांत पडले. सरांना त्याचं काही नाही. मला आहे, अजून आहे; म्हणूनच हे लिहिलं.

सर पंच्याहत्तरीचे झाले. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. नव्या मुलांनी शाल देऊन त्यांना घरी बसवू नये. आपले फॉर्म त्यांच्याकडे न्यावेत. ते चहा पाजतील आणि आधी एवढंच विचारतील, "हा कोणाजवळ बसून भरून पाहिलात?"