मागचं दार

कॉफी करवंटीत दिली. ती करवंटी, माडांच्या बागा ज्यांच्या त्या भाटकारांच्या विहिरीजवळ वळचणीला खोचलेली असायची, आमच्यासारख्यांसाठी. कामवाल्या बायने ती खाली काढली, धुतली आणि हात उंच धरून वरून कॉफी ओतली. "घे गो," म्हणाली. ती आमच्याच मासेमारांच्या वाड्यातली.

थोड्या वेळापूर्वी त्या घरची म्हातारी माझ्या हातात गेली होती. आशीर्वादाची मेणबत्ती तिला धरवेना, म्हणून तिच्या मुठीवर माझी मूठ. कपाळावरचा घाम मीच पुसला. तेव्हा कुणाला माझा हात खुपला नाही. मग पाद्री आणि पाहुणे यायची वेळ झाली. सून म्हणाली, "आता तू मागसून जा."

मी गेले. कॉफी प्याले. राग आला नाही, रडूही नाही. आत काही हललंच नाही. उरलेली मासळी विकायला तशीच तारकर्लीच्या वाटेला लागले.

मरणाऱ्याला धीर द्यायचं हे काम माझ्याकडे कसं आलं ते सांगते. माझा बापूस पुष्कळ दिवस मरत होता. दर्यावर कधी न घाबरलेला माणूस, खाटेवर घाबरला. मी पोरसवदा होते. त्याचा हात धरला आणि मारियामातेची प्रार्थना, नमो मारिया, म्हणू लागले, त्याच्या श्वासाबरोबर. तो श्वास घेई तेव्हा मी गप्प. सोडी तेव्हा म्हणायची. श्वास लांबला तसे माझे शब्दही लांबले. शेवटी त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तेव्हापासून वाड्यात कुणी जायला टेकलं की मला बोलावणं येई. पुढे भाटकारांकडूनही येऊ लागलं. मागच्या दाराने.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, पुढचे बाक त्यांचे, मागे जमिनीवर आम्ही. बाप्तिस्म्याचं पाणी तेवढं एक. पवित्र आत्म्याच्या सणाला पाद्रींनी प्रवचन केलं. आत्मा प्रत्येकाला कृपादान देतो, कुणाला शिकवण्याचं, कुणाला सांत्वनाचं. ते पुरून ठेवू नका, सगळ्यांसाठी वापरा.

मला वाटलं, हे माझ्याशीच बोलतायत. प्रार्थना सुटल्यावर धीर करून गेले. म्हटलं, "पाद्री, ऑक्टोबरात इगर्जीत सगळ्यांपुढे जपमाळेची प्रार्थना मी सांगू?"

ते वाईट माणूस नव्हते. हळूच म्हणाले, "तुझं दान तुझ्या वाड्यासाठी आहे, बाई. भाटकारांच्या बायका तुझ्यामागून म्हणतील का?"

मरताना म्हणतात, असं ओठावर आलं होतं. गिळलं. घरी आले, चूल पेटवली, भात टाकला आणि तिथेच बसून राहिले. भात करपला. जे करवंटीने झालं नव्हतं ते त्या हळू आवाजाने झालं. मला कळलं की माझं दान त्यांना हवं आहे, मी नको आहे.

पुढच्या उन्हाळ्यात भाटकार स्वतः अंथरुणाला खिळले. एका दुपारी तीच बाय धावत आली. "भाटकार तुझां नाव घेतत. चल गो."

मी गेले आणि पुढच्या पायरीशी उभी राहिले. भाटकारांचा मुलगा बाहेर आला. "मागल्या दारान ये. घरात पाहुणे आसत."

"मी ह्याच दारान येतलंय. नायतर हयच बसतंय."

"बापूस थंय मरता, आणि तू मानपान बघतंस?"

ते लागलं. कारण आत खरंच एक माणूस घाबरलेला होता. त्याचं भय आणि माझ्या बापसाचं भय एकच होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पाय मागच्या अंगणाकडे वळलेसुद्धा. मग ती करवंटी आठवली. मी पायरीवर बसले.

मुलाने दार लोटून घेतलं. मी मोठ्याने नमो मारिया सुरू केलं. रस्त्यावरचे लोक थांबले. आतला श्वास ऐकू येत नव्हता, मी अंदाजाने म्हणत होते. सगळं चुकत होतं.

मग डोक्यावरची खिडकी उघडली. मला मागसून जायला सांगणारी तीच सून होती. ती बाजूला झाली. श्वास ऐकू आला. तुटका, घाईचा. मी त्याला गाठलं. हळूहळू तो माझ्या शब्दांवर टेकला. एकदा सोडलेला श्वास परत आला नाही, तेव्हा मी आमेन म्हटलं.

घराला वळसा घालून बाय आली. हातात करवंटी. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी करवंटी घेतली, कॉफी पायरीवर ओतली आणि करवंटी तिथेच उपडी ठेवून घरी आले.

अजून बोलावणी येतात. मी जाते. मरणाऱ्याला नाही म्हणायचा हक्क मला नाही, दान माझं नव्हे. पण ते मागच्या दाराने न्यायला देवाने सांगितलेलं नाही. मी पुढेच येणार. आत घेतलं नाहीत तर पायरीवर बसणार. तुमच्या माणसाला माझा शब्द हवा असेल तर दार उघडायचं की खिडकी, ते तुम्ही ठरवा.