बाबांचे उघडे हात

जनावरांच्या दवाखान्यातला माणूस घरी येतो तेव्हा कपड्यांना शेण असतं आणि तोंडात एक किस्सा. माझे बाबा तिथे अटेंडर आहेत. डॉक्टर तपासतात, बाबा जनावर धरतात. मी फारशी बोलत नाही, पण ऐकलेलं विसरत नाही.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले तेव्हा सामानाचीही वाटणी झाली. जनावर अडकवायचा लोखंडी खोडा आमच्याकडे राहिला, त्याचा मागचा दांडा नव्या निर्मल जिल्ह्याला गेला! नव्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "आता मागून कोण अडवणार?"

"मी हाव ना, मॅडम!" बाबा म्हणाले.

त्याच आठवड्यात गोऱ्ह्यानं लाथ मारली. लंगडणाऱ्या बाबांना लोक विचारत, "दत्ताभाऊ, दांडा वाकला का?"

*

मॅडम हातमोज्यांबाबत कडक. पण आमच्याकडे मोजे घालून गाईला हात लावला की मालक चिडतो. "आमची लक्ष्मी काय घाण हाय का?" मग मॅडमची पाठ वळली की मोजे बाबांच्या खिशात! धुण्याच्या पँटमध्ये आईला ते कोरे करकरीत सापडत.

*

शेजारच्या गंगूआजीची गाय लाळ गाळू लागली. "घशात काही अडकलं हाय," आजी म्हणाली. बाबांनी मोजे काढले आणि कोपरापर्यंत हात गाईच्या तोंडात घातला.

मॅडम स्कूटीवरून उतरतानाच अर्ध्या तेलुगूत ओरडल्या, "वद्दू! वद्दू! नको, हात काढ!"

घशात काहीच नव्हतं. गाय दुसऱ्या दिवशी मेली. मॅडम म्हणाल्या, तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं असणार. तो रोग लाळेतून माणसालाही होतो. एकदा दिसू लागला की औषध नाही, सुया आधीच घ्याव्या लागतात.

*

आदिलाबादच्या दवाखान्यात बाबा नर्सला म्हणाले, "मी जनावर धरतो तसं मला धरा कोणीतरी!" नर्स हसली. आई हसली नाही. घरी बाबा पाणी प्यायले की ती त्यांच्या घशाकडे बघत राही.

*

गाय गेल्यावर गंगूआजी गुडीहत्नूरला लेकीकडे गेली होती. बाबांची शेवटची सुई झाली त्या संध्याकाळी ती परत आली आणि आमच्या उंबऱ्यात बसून रडली. "माझ्या गाईपायी तुला सुया टोचल्या रे, दत्ता!"

डोळे पुसताना तिच्या बोटांवर सुकलेले ओरखडे दिसले. मी हळूच विचारलं, "आजी, तुमी घेतल्या का सुया?"

"मला काऊन, बाई?" आजी म्हणाली. "ती काय मला चावली? खात नव्हती बिचारी, म्हणून दोन दिवस मीच तिच्या घशात गुळाचे गोळे ढकलून राह्यली होती. ह्याच हातानं."