अर्धा गुंड

भंडाऱ्याला कशाला जातेस, असं पुण्यात ज्यानं त्यानं विचारलं. तलाव बघायला, भाताची शेतं बघायला, असं काहीबाही सांगून मी वेळ मारून नेली. खरं कारण माझ्या बॅगेत जुन्या लुगड्यात बांधलेलं होतं. आईचा पितळेचा गुंड. पुणेकरांनो, दचकू नका, आमच्या विदर्भात पाणी भरायच्या पितळी भांड्याला गुंड म्हणतात. नवी नवरी असताना मी सासरी "आमच्या घरी दोन गुंड आहेत" म्हणाले, तेव्हा सासरे पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिले होते.

गेल्या माघात आई गेली. तिचा हा गुंड तीन वर्षं बुडातून गळत होता. "भंडाऱ्याला नेऊन डाग देऊन आण," म्हणजे भोक बुजवून आण, असं ती दर फोनवर सांगायची. "अन् ज्यानं घडवला त्याच्याकडेच ने." मी हो हो करायचे. शेवटी म्हणायची, "तुले सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

आणखी एक गोष्ट आहे, तीही सांगूनच टाकते. तीन वर्षांपूर्वी माझ्या लेकीच्या, जुईच्या, लग्नासाठी आईनं त्याच कारागिराला नवा गुंड सांगितला होता. मला ते फार जुनाट वाटलं. मी त्यांना परस्पर फोन करून नको म्हणून कळवलं आणि जुईला ऑनलाइन मागवलेला परदेशी डिनर सेट दिला. दिसायला देखणा. वर्षभरात त्याचा सोनेरी काठ उडाला. एक झाकण फुटलं, तर तसं दुसरं कुठेच मिळेना. कंपनीचा पत्ता समुद्रापलीकडचा, आणि फोनवर नुसतं संगीत.

नागपूरपर्यंत रेल्वे. बसस्थानकाबाहेर तर्री पोहे खाल्ले (तिखट सोसत नसेल तर तर्री वेगळी मागा) आणि भंडाऱ्याची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, रस्ता चांगला, दीड तासात पोचले. बसस्थानकाजवळच्या साध्या लॉजवर खोली घेतली आणि कारागिराचा जुना नंबर लागेना म्हणून गुंड काखेत मारून बाजारात निघाले. लहानपणी आजोळी यायचे तेव्हा या गल्लीत ठोक्यांच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही. आता दुपारी चार वाजता सायकलची घंटी ऐकू येत होती.

एका दुकानात पितळ दिसलं म्हणून थांबले. दुकानदारानं गुंड उलटा करून बोटानं भोक चाचपलं.

"सुखदेवकाकाचं काम आहे हे," तो म्हणाला. "पण ते इथं नाही राहत आता. करडीले गेले, बायकोच्या गावाले."

"आणि ही भांडी?" मी त्याच्या फळीकडे बोट दाखवलं.

"हे मशीनचे, बाहेरून येते. पितळ बी पातळ. पण गिऱ्हाईक वजन पाहत नाही ना ताई, चमक पाहते."

मला जुईचा डिनर सेट आठवला. मी तरी दुसरं काय पाहिलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी करडीची बस. वैनगंगेचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या (खाचरं) आणि कापलेल्या भाऱ्यांचे रचलेले पुंजणे. एका बोडीवर, म्हणजे लहान तलावावर, बगळे बसले होते. फोटो काढावेत असा रस्ता आहे, पण मी एकही काढला नाही. उशिरा का होईना आईचं काम करतेय, एवढंच डोक्यात होतं. वरातीमागून घोडं दामटायची माझी जुनी सवय आहे.

सुखदेवकाका अंगणात उन्हाला बसले होते. सत्तरीचे, अंगानं किरकोळ, मनगटं मात्र जाड. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी गुंड हातात घेतला.

"कमलबाईचा आहे." कमलबाई म्हणजे माझी आई.

"ओळखलात?"

"काहून नाही ओळखणार? ठोके माहे आहेत. अन् धरला शेवंतानं. हे पाहा, ठोक्यांची ओळ कशी सुतात गेली. धरणाऱ्याचा हात हालला तर ओळ हालते."

तेव्हा मला ते काम कळलं. मोठं भांडं एकट्यानं घडत नाही. एकानं पक्कडीत धरून हलके हलके फिरवायचं, दुसऱ्यानं हातोडी मारायची. लोक हातोडीवाल्याला कारागीर म्हणतात. पस्तीस वर्षं शेवंताबाईंनी, म्हणजे काकूंनी, धरलं, काकांनी मारलं.

"काकू कुठे आहेत?" मी विचारलं.

"गेली. येत्या संक्रांतीले दोन वर्षं होतील."

त्यांनी लहान शेगडी पेटवली, बूड घासून लख्ख केलं. "धरा इथं," म्हणाले. मी धरलं. पाचच मिनिटांत माझे खांदे भरून आले. "हालवू नका, बाई." मी हलवलं नाही असं मला वाटत होतं, पण डाग बसल्यावर त्यांनी बुडाचा पोचा ठोकून काढला, तेव्हा ओळ चांगलीच वाकडी गेली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. गुंडात पाणी भरून ठेवलं. थेंबही गळला नाही.

सुनेनं जेवायला वाढलं. भात, लाखोरीचं वरण, वालाच्या शेंगांची भाजी. जेवता जेवता धीर करून म्हणाले, "काका, लेकीसाठी नवा गुंड कराल का? तेव्हा मीच नको म्हटलं होतं."

ते हात धुवून उठले. अंगणाच्या कोपऱ्यात कोंबड्यांच्या खुराड्यावर पितळेचं काहीतरी पालथं घातलं होतं, ते घेऊन आले. गुंडाचा खालचा अर्धा भाग. गुंड दोन भागांत घडवतात आणि मधोमध जोडतात. त्यांनी आतून पुसून माझ्यापुढे धरला. खिळ्यानं कोरलेलं होतं, जुई.

"तुमचा फोन आला तवा एवढा झाला होता. मी म्हटलं, मोडीत देऊन टाकू. शेवंता म्हणे राहू द्या, कमलबाईच्या नातीचा आहे, आज ना उद्या नेतील. शेवटपर्यंत देऊ नाही दिला तिनं."

"मग आता पूर्ण करा ना. मी थांबते आठ दिवस. मी धरते."

ते हसले, पण कसंनुसं. "धरणं शिकाले शेवंताले दोन वर्षं लागले. मारणारा मी आहो, बाई. धरणारं कोणी नाही. पोरगा नागपूरले दुकानात प्लास्टिक विकून राहिला. त्याले काय म्हणू? घेणारेच नाही, तर तो कायले धरंल?"

मला तिथेच रडू आलं. आईसाठी रडले तेव्हाही इतकं आलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मी तो फोन केला, तेव्हा धरणारी होती, मारणारा होता, अर्धं काम झालेलं होतं.

डागाचे शंभर रुपये त्यांनी घेतले. अर्ध्या गुंडाचे घेतले नाहीत. "ते तिचं काम आहे," म्हणाले.

देशी वस्तू घ्या म्हणून भाषणं पुष्कळ ऐकली आहेत, मी दोन-चार ठिकाणी टाळ्याही वाजवल्या आहेत. मला एवढंच कळलं की जवळ घडलेल्या वस्तूला माहेर असतं. दुखलं खुपलं तर कुठे न्यायचं ते ठाऊक असतं. आणि आपण घेणं बंद केलं की ते माहेर उठतं. तुम्ही भंडाऱ्याला गेलात तर तलाव बघा, वैनगंगा बघा, पण लग्नकार्याची भांडी ज्यांनी घडवली त्यांच्याकडूनच घ्या. मुख्य म्हणजे लवकर जा.

पुण्यात आल्यावर आईचा गुंड पाण्याच्या जागी ठेवला. वाकडी ओळ भिंतीकडे केली नाही, समोर ठेवली. रविवारी जुई आली. तिनं अर्धा गुंड उचलला, आतल्या नावावर बोट फिरवलं आणि हरखून गेली.

"आजीनं करून घेतला माझ्यासाठी? मला कधी बोलली नाहीस. वरचा भाग कुठे आहे?"

पाणी देते म्हणून मी उठले. मग तशीच परत बसले आणि तिला त्या फोनबद्दल सांगितलं.