गाठीवाल्या बाई

कुणाचंही कुत्रं दिसलं, की आमच्या बाई आधी त्याला उताणं करत. लाड नंतर. पोटावरून सावकाश बोटं फिरवत, आणि गाठ लागली की मालकाला खुर्ची देऊन चहा मागवत.

नाशिकच्या त्यांच्या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं नमुने सांभाळले. माणसात कर्करोगाला आवर घालणारी काही जनुकं कुत्र्यात, मांजरात, बैलातही असतात. ती बिघडली की तिथेही तसंच घडतं का, हे बाईंना शोधायचं होतं. "जुनं घर एकच गं," त्या म्हणत, "वाटण्या नंतर झाल्या."

सटाण्याला एका बैलाच्या शिंगाचा कर्करोग बघायला गेलो, तेव्हा त्याचे म्हातारे मालक हबकले होते. "बैलले बी मानूसना रोग व्हस का?"

"माणसाचा कशावरून, आबा? आधी त्याचाच असेल!" बाई म्हणाल्या. मग त्यांनी बैलाच्या आईची, आजीची चौकशी सुरू केली. आबांना सगळं पाठ होतं. दोघं दुपारभर गोठ्यातच बसले.

मखमलाबादकडे फुलं पिकवणारी लताबाई मात्र मला विसरता येत नाही. तिच्या कुत्रीची, राणीची, गाठ जनावरांच्या डॉक्टरांनी काढली होती. ती बरणीतून घेऊन लताबाई स्वतःच आली. बाईंनी सवयीने विचारलं, "घरात माणसांपैकी कुणाला आहे का असं?"

लताबाई बरणीकडे बघत राहिली. "मलाच हाय. वरीस झालं. सांगितलं नाय कुणाला."

"कुत्रीला दवाखान्यात नेलंस, आणि स्वतः गेली नाहीस?"

"तिला बोलता येत नाय ना, बाई."

बाईंनी चपला घातल्या आणि तिला घेऊन थेट रुग्णालयात गेल्या.

लताबाई बरी झाली. तिने आपलीही गाठ तपासायला दिली होती. काही महिन्यांनी विचारायला आली, "राणीच्या अन् माझ्या गाठीत काय निघालं?"

"एक जनुक दोघींतही बिघडलेलं निघालं. कशामुळे, ते मला अजून कळलेलं नाही."

"मंग शोधा की!"

बाई कितीतरी दिवस हे वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत होत्या.

गेल्या वर्षी बाई हृदयविकाराने गेल्या. त्याच्या आदल्या आठवड्यात मी भेटायला गेले, तर पहिला प्रश्न, "मांजरींचे नमुने आले का?"

आले नव्हते. त्यांना बरं वाटावं म्हणून मी "आले" म्हणाले.

"मग इथे काय करतेस?" बाई उशीवरून उठू लागल्या. "जा, उघड त्या बरण्या!"