बुरशीमास्तरांची बिरादरी

बुरशीमास्तर कुणाच्या घरी गेले की पाण्याआधी सडकं फळ मागत. खामगावच्या आमच्या शाळेत ते शास्त्र शिकवायचे, मी मराठी. मूळचे पिंपळगाव राजाचे, घरात पिढीजात धंदा अत्तराचा. या गृहस्थांना मात्र वेड बुरशीचं. माझी बायको बुरसलेली भाकर त्यांच्यासाठी राखून ठेवी. ते ती दोन्ही हातांनी घेत.

सुट्टी लागली की बैलांची दमनी जुंपून बोथ्याच्या जंगलात जात आणि सागाच्या कुजक्या पाचोळ्याखालची ओली माती आणत. नागपुराहून आणलेल्या काचेच्या नळ्यांत उकडलेल्या बटाट्याच्या फोडी घालून वर ती माती भुरभुरवत. चार दिवसांत पिवळे, गुलाबी, शेवाळी ठिपके उठत. "पहा गुरुजी, एका चिमटीत किती बिरादरी हाय! अन् हे तं फक्त आपल्या हातचं खाणारे. बाकीचे उपाशी मरतीन, पण आपल्या ताटावर येत नाईत."

जुना बटाटा सुकायच्या आत प्रत्येक ठिपका ताज्या फोडीवर हलवावा लागे. त्यापायी ते सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही गेले नाहीत. "लेकरं हायेत हे. एकटं काऊन सोडू?"

लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेनासं झालं. नळ्या उकळून शुद्ध करायच्या राहू लागल्या. त्यात मास्तरांना विषमज्वर झाला आणि बहीण त्यांना पिंपळगावला घेऊन गेली. परत आले, कपाट उघडलं, तर प्रत्येक नळीत एकच काळी बुरशी. एकही रंग उरला नव्हता.

"रान हाय ना," ते म्हणाले. "पुन्हा आणू."

मीही सोबत गेलो. बोथ्यातला त्यांचा नेहमीचा माती आणायचा उतार लढाईच्या लाकडासाठी पार तोडला होता. नुसती खुंटं आणि कोळशाच्या भट्ट्या. माती हाताला चटका देत होती. तरी त्यांनी पिशवी भरली. तिच्यातूनही तीच काळी बुरशी उगवली.

"हे तं माह्या भाकरीवर बी येते, गुरुजी."

त्यांनी नोकरी सोडली. भुसावळला भाच्याकडे निघाले, तेव्हा नांदुऱ्याच्या स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेलो. "दुसऱ्या डोंगराची माती आणू, मास्तर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "ते दुसरे राहतीन. माणूस गेला तं नाव घेऊन दुवा मांगता येते. ह्यायची तं मी नावंच ठेवली नोहती."

गाडी हलली. मी हात वर केला. ते पलीकडे तोंड करून बसले होते.