आनंदरावांचा कान

मनीषनगरातल्या त्या घरात सकाळी कुकरच्या शिटीआधी पेपर सुरू होतो. चारुशीला ओट्याशी उभी राहून सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत असते, समोर पिठाच्या डब्याला टेकवून पेपर उभा केलेला असतो, आणि ती मोठ्यानं वाचत असते. ऐकणारे एकच, तिचे सासरे आनंदराव. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, दोन्ही हात काठीवर ठेवून ते बसतात. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू नेली. उजेड कळतो, कोणी आलं-गेलं कळतं, अक्षर मात्र कळत नाही.

पेपर म्हणजे त्यांना सगळा पेपर लागतो. बातम्या तर झाल्याच, पण टेंडरच्या नोटिसा, नाव बदलल्याच्या जाहिराती, कळमन्याच्या धान्यबाजारात कोणत्या मालाची किती आवक झाली तेसुद्धा. घरात विकायला कोथिंबिरीची काडी नाही, तरी तुरीचा भाव कळल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. चारुशीलेनं एखादी ओळ गाळली की मान वर होते. "मधातलं काही राहिलं वाटते." काही राहिलं नसेल तर एकच शब्द येतो: "पुढे."

त्याला कारण त्यांची नोकरी. कोर्टाच्या नक्कल विभागात त्यांचा जन्म गेला. निकालाची नक्कल तयार झाली की दोघांनी ती जुळवायची, एकानं मूळ कागद स्वल्पविरामासकट वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून ऐकायचं. आनंदराव ऐकणारे. समोरचे वाचणारे बदलले, बदलीवर गेले, रिटायर झाले, ऐकायला हेच. नवऱ्यानं, अनंतनं, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिला बजावलं होतं, "बाबांसमोर एकच गोष्ट दोनदा सांगताना जपून."

त्या दिवशी चारुशीला नोटिसांच्या पानावर होती तेव्हा दारावर धपधप झालं. बेल असताना दार कोण वाजवतं म्हणून तिनं उघडून पाहिलं, तर वरच्या मजल्यावरची भाडेकरू अपेक्षा. काळा चष्मा लावलेला, काखेत लॅपटॉप, आणि दार वाजवायला कोपर वर केलेला.

"काकू, बेलला हात लावला नाही. माझे डोळे आले आहेत, तुमच्याही घरात यायचे."

"अगं बाई! मग खाली कशाला आलीस? झोपायचं ना."

"झोपता येत नाही ना, काकू." अपेक्षानं चष्मा जरा वर केला आणि लगेच खाली टाकला. डोळे टोमॅटोसारखे. "तुमच्याशीच काम आहे. मले एक फाईल वाचून दाखवाल?"

अपेक्षा काटोलकडची. घरी संत्र्याची बाग, आणि ही आयटी पार्कातल्या एका छोट्या कंपनीत. लॅबमधले रक्ता-बिक्ताचे रिपोर्ट डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर जातात, ते वाटेत कोणाला वाचता येऊ नयेत म्हणून कुलूपबंद करून पाठवायचे, हे त्यांच्या कंपनीचं काम. तिनं व्हरांड्यातच उभं राहून सगळं सांगितलं. कुलूप काही ती स्वतः घडवत नाही. ते करणारी तयार सॉफ्टवेअर लायब्ररी असते. पण त्या लायब्ररीनं कोणतं कुलूप चालवून घ्यायचं आणि कोणतं जुनं म्हणून नाकारायचं, हे एका कॉन्फिग फाईलमध्ये लिहिलेलं असतं. जुनं, कच्चं कुलूप बंद करायचं काम अपेक्षाला दिलं होतं. तिचं एकटीचं असं पहिलंच.

"मी ओळ टाकली, काकू. बरोबर टाकली. तरी काल तपासलं तर जुन्या कुलपानंही काम चालूनच राहिलं आहे. अकरा वाजता दवाखान्याची माणसं स्वतः तपासणार. आज नाही जमलं तर सर हे काम पुण्याच्या टीमले देऊन टाकतील, अन् मी परत दुसऱ्यांच्या चुका मोजत बसीन."

"मला काय कळणार त्यातलं?"

"कळू नकाच देऊ. फक्त वाचा. तुम्ही आजोबांना वाचता ते वर ऐकू येते मले. काहीच सोडत नाही तुम्ही."

चारुशीलेला बरं वाटलं, पण शंका होतीच. "कुलपा-किल्ल्यांचं काम आणि परक्यानं वाचायचं? चालतं का असं?"

"किल्ल्या यात नाहीत. त्या दुसरीकडे, मलेही दिसत नाहीत. यात फक्त नियम आहेत."

लॅपटॉप स्पिरिटनं पुसून जेवणाच्या टेबलावर आला. अपेक्षा व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर, दार उघडं ठेवून. एवढ्यात काठी वाजली आणि आनंदरावांची खुर्ची फरशीवरून सरकत सरकत टेबलाशी येऊन लागली.

"बाबा, पेपर नंतर वाचते हं."

"तर मग हेच वाच. मी ऐकतो."

"आजोबा, हे बोअर आहे," अपेक्षा बाहेरून म्हणाली.

"टेंडर नोटीस ऐकणाऱ्याले बोअर होत नसते, पोरी. वाच वं, सूनबाई."

चारुशीलेनं वाचायला घेतलं. "हॅश, धिस फाईल... हॅश म्हणजे काय गं? प्रत्येक ओळीसमोर आहे."

"हॅश असलेली ओळ मशीन सोडून देते. ती माणसासाठी असते, शेरा समजा."

"म्हणजे समासातलं," आनंदराव म्हणाले. "पुढे."

पुढे चौकोनी कंसात नाव आलं. अपेक्षानं सांगितलं, तो नवीन कप्पा. पुढचा चौकोनी कंस येईपर्यंत सगळं त्याच कप्प्यातलं. कप्पे गेले, बरोबरचं चिन्ह आलं, अंडरस्कोर आले. आनंदरावांनी एकदा हात वर केला.

"चूक आहे. ओळ संपली अन् पूर्णविराम नाही."

"यात पूर्णविराम नसते, आजोबा."

"कुठंच नाही? काहून?" त्यांना ते मुळीच पटलं नाही. "विचित्र कारभार. पुढे."

"मिन प्रोटोकॉल," चारुशीलेनं वाचलं, "बरोबर, टीएलएस व्ही एक पॉइंट दोन."

"हीच!" अपेक्षा खुर्चीतून उठलीच. "हीच माझी ओळ. याच्या खालचं, जुनं कुलूप चालणार नाही, असा तिचा अर्थ. शब्द बरोबर आहे ना, काकू?"

चारुशीलेनं एकेक अक्षर वाचून दाखवलं. बरोबर होतं. अपेक्षा पुन्हा खुर्चीत बसली. ओळ बरोबर होती, म्हणजे चूक कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे चारुशीलेनं पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे.

मग एक ओळ अशी आली की संपेचना. कुलपांची नावं, कोलन, पुन्हा नावं. पडद्याच्या उजवीकडून बाहेर गेलेली. दुसरं कोणी "असंच आहे पुढे" म्हणून मोकळं झालं असतं. चारुशीलेनं बाण दाबत दाबत शेवटपर्यंत वाचली, मध्ये एकदा पाणी प्यायली. त्याखाली बऱ्याच कोऱ्या ओळी, मग पुन्हा हॅशवाले शेरे, एक-दोन बारीकसारीक ओळी, मग, "मिन प्रोटोकॉल, बरोबर, टीएलएस व्ही एक." आणि ती पुढच्या ओळीवर गेली.

"थांब."

चारुशीला थांबली.

"हे नाव येऊन गेलं."

"बाबा, इथं सगळी नावं सारखीच आहेत."

"सारखी असोत. मघाशी एक पॉइंट दोन म्हणालीस. आता नुसतं एक." आनंदरावांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "एकाच गोष्टीचे दोन हुकूम, अन् दोन तऱ्हेचे. खरा कोणता धरायचा?"

व्हरांड्यात अपेक्षा खुर्चीच्या कडेला सरकली. तिनं अगदी हळू विचारलं, "काकू, या दोन ओळींच्या मधात कुठं चौकोनी कंस आहे का? नीट पाहा."

चारुशीला खालून वर गेली, वरून खाली आली. कोऱ्या ओळीसुद्धा मोजून घेतल्यासारख्या पाहिल्या. "नाही. एकही नाही."

"म्हणजे कप्पा एकच!" अपेक्षाचा आवाज चढला. "एका कप्प्यात एकच नाव दोनदा आलं तर लायब्ररी शेवटचं धरते, काकू. वरचं गुपचूप सोडून देते, तक्रारही करत नाही. मले हे माहीत आहे हो! पण मी वरतीच जागा पाहिली, ओळ टाकली, अन् खाली पाह्यलंच नाही. अजून कोणी लिहिलं असेल असं वाटलंच नाही मले."

"आता?"

"आता तुम्ही त्या खालच्या ओळीच्या अगदी समोर जा, अन् एक हॅश टाका."

"मी? आणि बिघडलं तर?"

"जुनी प्रत जपून ठेवली आहे. बिनधास्त टाका."

चारुशीलेनं पदराला बोट पुसलं. सांभाराचा वास अजून हाताला होता. शिफ्ट दाबून तिनं हॅश टाकला, आणि ती ओळ एकदम फिकट झाली.

"नुसती काट मारू नका," आनंदराव म्हणाले. "वर शेरा लिहा. कोणी बंद केली, कधी, काहून. आमच्याकडं सही नसलेली खाडाखोड दिसली की साहेब अख्खी नक्कल परत पाठवत होते."

"लिहा, काकू. आजोबा म्हणतात ते बरोबर आहे. ही जुनी ओळ काहून आहे हे कोणी लिहून ठेवलं असतं, तर मी तिथंच थांबून विचार केला असता."

अपेक्षा सांगत गेली, चारुशीला एका बोटानं लिहीत गेली. मग फाईल सेव्ह केली, चाचणीचा सर्व्हर पुन्हा सुरू केला, आणि मुद्दाम जुनं कुलूप घेऊन दार ठोठावून पाहायची आज्ञा टाकली. पडद्यावर उत्तर आलं आणि चारुशीलेनं हात मागे घेतला.

"अगं, एरर आला. एरर, प्रोटोकॉल व्हर्जन."

"आला? खरंच आला?" अपेक्षा टाळ्या वाजवत होती. "तेच तर पाहिजे होतं, काकू! जुन्याले हाकलून दिलं त्यानं!"

नवीन कुलपानं दार सुरळीत उघडलं. तीच फाईल मग अपेक्षाच्या सांगण्यावरून खऱ्या सर्व्हरवर गेली. अकराला दवाखान्याची माणसं तपासायला बसली तोवर सकाळी केलेले पोहे कधीचे गार झाले होते आणि कोणाला त्याचं काही नव्हतं. अपेक्षाचा फोन वाजला. ती "हो सर, हो सर" म्हणत राहिली आणि शेवटी म्हणाली, "नाही सर, एकटीनं नाही. आमच्या घरमालकांच्या घरचे होते सोबत." पलीकडून काय विचारलं कोण जाणे, ही हसत सुटली.

फोन ठेवून ती दाराशी आली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. "काकू, ती लांब ओळ तुम्ही मधातच सोडली असती ना, तर खालचं कोणी ऐकलंच नसतं. काम माझ्याजवळच राहिलं. सरांनी पुढचंही मलेच दिलं."

एवढी वर्षं चारुशीला वाचत आली; त्याला कोणी काम म्हटलं नव्हतं, आणि तिनंही. ती म्हणाली, "चहा टाकते. तुला वेगळ्या कपात देते हं," आणि आत वळली.

गॅस पेटवताना तिला मागचं बोलणं ऐकू येत होतं.

"आजोबा, आंबिया बहाराची संत्री निघाली की बागेतली पेटी आणते तुमच्यासाठी."

"आण ना. संत्र्यांना नाही कोण म्हणते?"

"अजून काही पाहिजे तर सांगा. हक्कानं सांगा."

आनंदरावांची काठी एकदा फरशीवर टेकली.

"तुझे डोळे बरे झाले की एखाद्या रविवारी खाली ये, अन् मले पेपर तू वाचून दाखव. सूनबाईले एक दिवस सुट्टी दे."